स्यमंतक मणी आणि मिथ्या आळ

परमेश्वर सर्वज्ञ आहे. भूत, वर्तमान आणि भविष्य यांतील कोणतीही वस्तू त्याच्या ज्ञानाबाहेर नाही. असे असता श्रीकृष्ण महाराजांनी एका हरवलेल्या मण्यासाठी अरण्यात घोड्याच्या टापांचा माग काढीत जावे, नगरजनांना बरोबर घ्यावे आणि अंधाऱ्या गुहेत शिरावे, याचे प्रयोजन काय? मणी कोठे आहे हे ज्याला द्वारकेत बसूनच ठाऊक आहे, त्याने शोधाचे कष्ट कशासाठी केले? दशम स्कंधातील स्यमंतकाची कथा वाचताना जिज्ञासू साधकाच्या मनात ही शंका येतेच, आणि तिच्या उत्तरातच या कथेचे मर्म आहे.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. सत्राजिताला सूर्यापासून स्यमंतक मणी प्राप्त झाला. तो मणी नित्य आठ भार सुवर्ण देत असे. हा मणी उग्रसेन राजाला द्यावा, असे श्रीकृष्ण महाराजांनी सुचविले; सत्राजिताने लोभाने ते नाकारले. पुढे त्याचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून घोड्यावरून शिकारीस गेला, तो परतलाच नाही. तेव्हा सत्राजित म्हणू लागला की, मण्यासाठी कृष्णानेच माझ्या भावाला मारले असावे. त्याने हे राजसभेत मांडले नाही, कोणापाशी दाद मागितली नाही, अरण्यात जाऊन पाहिलेही नाही. तो केवळ बोलला. ते बोलणे या कानावरून त्या कानावर जात द्वारकेच्या घराघरांत पसरले.

ही कथा लोकांत भाद्रपद चतुर्थीच्या चंद्रदर्शनाशी जोडली गेली आहे. चंद्र पाहिला म्हणून आळ आला, असे लोक म्हणतात आणि तेथेच थांबतात. दशम स्कंधातील या दोन अध्यायांत मात्र आळाचे कारण चंद्र नाही. आळाचे कारण मनुष्याची जिव्हा आहे. चंद्र न पाहणे सोपे आहे, जिव्हा आवरणे कठीण आहे. कदाचित म्हणूनच लोकांनी सोपे कारण पत्करले असावे.

सत्राजिताच्या संशयाला काही आधार नव्हता असे नाही. मणी मागितला गेला होता, तो नाकारला गेला होता आणि त्यानंतर मणी नाहीसा झाला होता. व्यवहारात ज्याला हेतू म्हणतात तो येथे दिसत होता. परंतु हेतू दिसणे आणि कृत्य सिद्ध होणे यांत फार मोठे अंतर आहे. एखाद्या वस्तूची इच्छा अनेकांना होते; ती वस्तू नाहीशी झाली म्हणजे इच्छा करणारा प्रत्येक जण चोर ठरत नाही. सत्राजिताने हे अंतर एका वाक्यात ओलांडले. त्याने संशयाला शोधाच्या आसनावर बसविले.

श्रीकृष्ण महाराजांनी या आळाला दिलेले उत्तर सूक्ष्मपणे पाहावे. ते रागावले नाहीत. शपथ घेतली नाही. सत्राजिताचे दोष काढीत बसले नाहीत. नगरातील लोकांना बरोबर घेऊन ते प्रसेनाच्या वाटेने निघाले. प्रथम प्रसेन आणि त्याचा घोडा सिंहाने मारलेले आढळले. तेथून सिंहाचा माग काढला, तो पर्वतावर सिंह अस्वलाने मारलेला आढळला. तो माग ऋक्षराज जांबवंताच्या गुहेपाशी गेला. लोकांना बाहेर थांबवून महाराज एकटे आत शिरले. स्यमंतक तेथे एका बालकाचे खेळणे होऊन पडला होता. अठ्ठावीस दिवस द्वंद्व झाले, जांबवंताला ओळख पटली आणि त्याने जांबवतीसह मणी अर्पण केला. द्वारकेस परत आल्यावर महाराजांनी सत्राजिताला राजासमक्ष सभेत बोलाविले, मणी कसा मिळाला ते सर्व सांगितले आणि मणी त्याच्या स्वाधीन केला.

या आचरणात तीन गोष्टी आहेत. पहिली, शोध जेथे वस्तू नाहीशी झाली तेथून सुरू झाला. ज्याच्यावर राग आहे त्याच्या घरापासून नव्हे. दुसरी, शोध साक्षीदारांसमक्ष झाला. प्रत्येक पाऊलखूण बरोबरच्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तिसरी, वस्तू मालकाला एकांतात न देता सभेत दिली. कारण आळ नगरभर पसरला होता, म्हणून त्याचे निरसनही नगरासमोर व्हावयास हवे होते.

आता मूळ शंकेचे उत्तर मिळते. परमेश्वराला शोधाची गरज नव्हती. शोधाची गरज जीवांना होती. सर्वज्ञाने केवळ ‘मणी अमुक ठिकाणी आहे’ असे सांगितले असते, तर संशयी मनाने म्हटले असते की, ज्याने लपविला त्यालाच ठिकाण ठाऊक. जीव अविद्येने युक्त आहे. दुसऱ्याच्या अंतःकरणात काय आहे हे त्याला दिसत नाही. म्हणून त्याच्यासाठी पाऊलखूण, साक्ष आणि सभा हाच मार्ग आहे. ज्याला सर्व ठाऊक आहे तोसुद्धा मागावरून गेला, आणि ज्याला काहीच ठाऊक नाही असा मनुष्य मात्र घरबसल्या चोर ठरवितो. या विपरीततेवर बोट ठेवण्यासाठी ही कथा आहे.

दृष्टान्त

मुंबईत लोअर परळ भागात डिलाईल रोड आहे. कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी यांच्या नावाने तो आता ना. म. जोशी मार्ग म्हणून ओळखला जातो. तरी जुन्या लोकांच्या तोंडी डिलाईल रोडच आहे. गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या बी. डी. डी. चाळी येथे आहेत. एकेक खोली एकशे साठ चौरस फुटांची, प्रत्येक मजल्यावर सामायिक नळ आणि सामायिक शौचालये. गिरण्या चालू होत्या तेव्हा या परिसरात सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतून आलेले कामगार एकेका खोलीत दहा-बारा जण मिळून राहत. एक पाळी कामावर, दुसरी पाळी झोपलेली. भिंतीला वळकट्या आणि प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक. गिरणीच्या दरवाजावर बाहेर पडताना रोज झडती होई, परंतु खोलीत ट्रंकेला कुलूप लावण्याची पुष्कळांना लाज वाटे. आपल्या माणसांत कुलूप कशाला, असा तो भाव होता.

अशाच एका खोलीचा दृष्टान्त घ्यावा. दिवाळीचा बोनस झाला होता. एका जाणत्या कामगाराने बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम ट्रंकेतून नाहीशी झाली. खोलीत महिन्यापूर्वी एक मुलगा राहावयास आला होता. तो त्या गावचा नव्हता, त्याची जात वेगळी होती, आणि दोन दिवसांपूर्वी त्याने कोणाकडे तरी दहा रुपये उसने मागितले होते. एवढे पुरेसे झाले. त्याची ट्रंक चटईवर उपडी केली गेली. त्यात आईचे पत्र, दोन सदरे आणि एक आरसा निघाला. पैसे निघाले नाहीत. तेव्हा त्याने ते बाहेर नेऊन ठेवले असे ठरले. एकाने त्याला मारले. एकाने भगताकडून मंत्रलेले तांदूळ आणले. ते चावताना भीतीने त्याच्या तोंडाला कोरड पडली, आणि तोच पुरावा मानला गेला. त्याच रात्री तो मुलगा निघून गेला. सकाळी सर्वांनी म्हटले, पळाला म्हणजे चोरच.

चार महिन्यांनी एका सावकाराच्या चिठ्ठीवरून उलगडा झाला. रक्कम त्या कामगाराच्या सख्ख्या पुतण्याने जुगाराचे कर्ज फेडण्यासाठी उचलली होती. झडतीच्या वेळी ट्रंक उपडी करण्यात तोच पुढे होता. पुतण्याने काकाचे पाय धरले, हप्त्याहप्त्याने पैसे फेडले. लग्नही झाले. परंतु तो मुलगा कोठे गेला हे कोणालाच ठाऊक नव्हते. पैसे परत आले, पण त्याचे नाव त्याला परत देता आले नाही.

येथे चोऱ्या किती झाल्या? एक, असे न्यायालय म्हणेल. शास्त्र म्हणते, दोन. पुतण्याने द्रव्य चोरले. खोलीने एका निरपराध मुलाची कीर्ती चोरली. पहिल्या चोराला आपण चोर आहोत हे ठाऊक होते, म्हणून त्याला अनुताप झाला. दुसरे चोर स्वतःला पंच समजत होते. म्हणून त्यांना अनुतापाला जागाच राहिली नाही.

शोधाचे मार्ग

चोरीचा शोध कसा करावा याविषयी महाराष्ट्रात दोन परंपरा चालत आल्या. एक मागाची. पेशवाईतील गावगाड्यात चोरी झाली की रामोशी, भिल्ल अथवा जागल्या पाऊलखुणांवरून माग काढी. माग ज्या गावाच्या शिवेत शिरे, त्या गावाने तो पुढे न्यावा अथवा नुकसान भरून द्यावे, असा प्रघात होता. दुसरी परंपरा दिव्याची. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढावयास लावणे, तापलेले लोखंड हातावर ठेवणे, आणि हात भाजला तर दोषी समजणे. श्रीकृष्ण महाराजांनी यांतील कोणता मार्ग पत्करला हे वर आलेच आहे. ज्याच्यावर आळ आला त्याने स्वतः दिव्य केले नाही, माग काढला. दिव्यात मनुष्य आपले अज्ञान देवतेच्या माथी मारतो. मागात तो आपले अज्ञान कबूल करतो आणि डोळे उघडून चालू लागतो.

राजे गेले, दिव्ये संपली. परंतु मंत्रलेले तांदूळ, नखात काजळ घालून चोर पाहणे, अंगात आलेल्याला विचारणे हे प्रकार अजून पूर्ण गेलेले नाहीत. एकनिष्ठेचा उपदेश घेतलेल्या वासनिकाने यांच्या वाटेस जाऊ नये, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. देवतेपाशी कौल मागणे हा एक दोष, आणि त्या कौलावरून जीवाला पीडा देणे ही त्यावरची हिंसा.

आधुनिक काळात माग काढण्याची साधने बदलली. १८९७ साली कलकत्त्यास अंगुलिमुद्रांचे कार्यालय स्थापन झाले; त्यामागील वर्गीकरणाच्या कामात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. त्याच सुमारास बंगालमध्ये जलपायगुडी येथील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून होऊन चोरी झाली. संशय अनेकांवर गेला. स्वयंपाक्याच्या कपड्यावर रक्ताचे डाग होते, मजूर धन्याच्या कठोरपणामुळे रुष्ट होते, जवळपास काबुल्यांची एक टोळी उतरली होती. प्रत्येकाविरुद्ध काही ना काही बोलता येण्यासारखे होते. परंतु पेटीत एक बंगाली पंचांग सापडले. त्यावर रक्ताने माखलेल्या अंगठ्याचा ठसा होता. तो ठसा पूर्वी शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले. खुनाचा आरोप मात्र तेवढ्या पुराव्यावर सिद्ध मानला नाही.

या निकालातील संयम मननीय आहे. पुरावा जेथपर्यंत पोहोचतो तेथपर्यंतच जावे, पुढचे अंतर रागाने तोडू नये, हा तो संयम होय. त्याहून मननीय गोष्ट अशी की, त्या एका ठशाने जसा दोषी दाखविला तसे निर्दोषही मुक्त केले. तो ठसा नसता तर स्वयंपाक्याचे काय झाले असते? शोधाचे पहिले फळ चोर सापडणे हे नव्हे. निरपराध सुटणे हे होय.

आपल्या देशाच्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने ठरविले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यातही हा नियम कायम आहे. कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, असे राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदात आहे. मारून घेतलेली कबुली ही मारणाऱ्याची वाणी असते, मार खाणाऱ्याची नव्हे.

याच कायद्यात आणखी एक नियम आहे. चोरीनंतर लवकरच ज्याच्यापाशी चोरलेली वस्तू आढळते आणि ती कशी आली याचा खुलासा जो करू शकत नाही, तो चोर आहे अथवा वस्तू चोरीची आहे हे जाणून त्याने ती घेतली आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. स्यमंतक घेऊन द्वारकेत परत आलेल्या श्रीकृष्ण महाराजांच्या हाती तीच वस्तू होती जिच्याबद्दल आळ होता. म्हणूनच त्यांनी मणी नुसता देऊन टाकला नाही. तो कसा प्राप्त झाला हे प्रथम सभेत सांगितले.

जन्मावरून आलेला आळ

दृष्टान्तातील मुलावर संशय येण्यास त्याची जात हे एक कारण झाले. हा दोष एका खोलीपुरता नव्हता. एके काळी तो राज्याचा कायदा होता. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर विस्तारला. त्याने संपूर्ण जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. लेकरू पाळण्यात असतानाच त्याच्या कपाळी शिक्का बसे. हजेरीशिवाय गाव सोडण्याची मुभा नसे. सोलापूरला तारेच्या कुंपणात अशा लोकांची मोठी वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द होऊन त्या जमाती विमुक्त झाल्या. परंतु कायदा पुस्तकातून गेला तरी मनातून गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाने हे दुःख मराठी वाचकांपुढे ठेवले. आजही गावात चोरी झाली की पहिले पाऊल पारध्याच्या पालाकडे वळते. तेथे माग गेलेला नसतो. मागाच्या आधी मन गेलेले असते.

श्रीचक्रधरस्वामींनी परमार्गाचे द्वार जातीवरून कोणाला बंद केले नाही. स्त्रिया आणि शूद्र यांनाही ज्ञानाचा अधिकार दिला. जीव सर्व सारखेच अनादि अविद्येने बद्ध आहेत, असे ज्याने ऐकले आहे, त्याला एका कुळातील जीव जन्मतः चोर आणि दुसऱ्या कुळातील जन्मतः साव कसा मानता येईल? जो मानतो त्याने उपदेश कानाने ऐकला, मनाने नाही.

हात आणि हेतू

स्यमंतकाची कथा मणी परत मिळाल्यावर संपत नाही. सत्राजित खाली मान घालून घरी गेला. त्याला आपल्या बोलण्याचा पश्चात्ताप झाला. त्याने सत्यभामा आणि मणी दोन्ही अर्पण केले. महाराजांनी मणी परत दिला. पुढे महाराज हस्तिनापुरास गेले असता अक्रूर आणि कृतवर्मा यांनी शतधन्व्याला चिथावले. त्याने निजलेल्या सत्राजिताचा वध करून मणी नेला, तो अक्रूरापाशी ठेवला आणि पळाला. मिथिलेजवळ शतधन्वा मारला गेला. परंतु त्याच्या वस्त्रांत मणी सापडला नाही. तेव्हा बलरामांसारख्या ज्येष्ठ बंधूच्या मनातही किंतु आला.

कृत्य करणारा हात सापडला म्हणजे शोध पूर्ण झाला, असे नाही. हाताच्या मागे मन असते. १९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाऊस येथील त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर एक धाड पडली. केंद्रीय अन्वेषण विभागाचा अधिकारी म्हणविणाऱ्या एकाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सव्वीस तरुण निवडले होते. आपण सरकारी कामावर निघालो आहोत, या समजुतीने ते गेले. दागिने ताब्यात घेतले गेले, आणि तो तोतया अधिकारी ते घेऊन नाहीसा झाला. तो कधीच सापडला नाही. लोकांनी पाहिलेले हात त्या सव्वीस तरुणांचे होते. दिसले तेच खरे मानावयाचे असते, तर सव्वीस निरपराध चोर ठरले असते. शोधाने दाखविले की, लुटले गेलेल्यांत तेही होते. पेढीचे सोने गेले, त्यांचा विश्वास गेला.

अक्रूराविषयी महाराजांनी काय केले हेही पाहावे. त्यांनी अक्रूराला बोलावून आदराने सांगितले की, मणी तुमच्यापाशी आहे हे ठाऊक आहे; तो तुम्हीच ठेवा, परंतु बंधूंच्या मनातील किंतु जावा म्हणून एकदा दाखवा. अक्रूराने वस्त्रात गुंडाळलेला मणी पुढे ठेवला. महाराजांनी तो सर्व आप्तांना दाखविला, आळ धुऊन काढला आणि मणी अक्रूराला परत दिला. स्वतः परमेश्वर आपल्याच घरच्यांपुढे पुरावा ठेवतो. मग मनुष्याने ‘माझ्यावर विश्वास नाही काय?’ असे म्हणून हिशेब दाखविण्यास रागावावे, हे कितपत शोभते? मठाचा भांडारी असो, मंडळाचा खजिनदार असो वा चाळीतील भिशी सांभाळणारा असो, दाखविण्यात त्याचा अपमान नाही, रक्षण आहे.

चोराचे काय करावे

निरपराधाची बाजू घेतली म्हणजे चोराला मोकळे सोडावे, असा अर्थ कोणी काढू नये. चोरी हे सप्तव्यसनांपैकी एक आहे आणि उपदेश घेतानाच त्याचा त्याग करावयाचा असतो. गरीब कामगाराची रक्कम जाते तेव्हा केवळ नाणी जात नाहीत. पाळीपाळीने झिजलेले शरीर जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या दिवसांत डिलाईल रोडवरील घरांतून भांडी गहाण पडली. जेथे उद्याची भाकरी निश्चित नव्हती, तेथे झालेली चोरी ही दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणेच होते. अशी चोरी झाली तर पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. ते सूड घेणे नव्हे. फिर्याद ही संशयाला जिभेवरून उचलून शोधाच्या हाती देण्याची रीत आहे. आता हरवलेल्या भ्रमणध्वनीचा माग त्याच्या पंधरा अंकी क्रमांकावरून काढता येतो, रस्त्यावरील कॅमेरे वाट दाखवितात. साधने वाढली आहेत. तेव्हा अंदाजाने मारहाण करण्यास पूर्वी नव्हते तेवढेही निमित्त आज उरलेले नाही.

परंतु चोरही जीवच आहे. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास आला, त्या लीळेचे स्मरण येथे करावे. स्वामींनी सशाचे रक्षण केले, आणि शिकाऱ्यांचाही तिरस्कार केला नाही, त्यांना समजाविले. ज्याची वस्तू गेली त्याचे रक्षण आणि ज्याने घेतली त्याचे परिवर्तन, या दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात. भारतीय न्याय संहितेत आता अशी तरतूद आहे की, पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची चोरी प्रथमच केली असेल आणि माल अथवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा द्यावी. परत करणे हे शुद्धीचे पहिले अंग आहे, ही गोष्ट राज्याच्या कायद्यानेही मान्य केली. प्रायश्चित्ताची वाट शास्त्राने याहून पुढे नेली आहे. वस्तू परत करावी, दोष गुरूपुढे बोलावा, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा आणि स्मरणात राहावे. जो सापडला नाही तो सुटला असे नाही. तोतया अधिकारी पोलिसांना सापडला नाही. त्याचे कर्म त्याला सोडून कोठेही गेलेले नाही.

दार्ष्टान्तिक

दृष्टान्तातील खोली म्हणजे जीवाचे मन. ट्रंक म्हणजे त्याची आसक्ती. नाहीशी झालेली रक्कम म्हणजे त्याचे सुख. सुख गेले की जीव बाहेर पाहतो आणि जो परका दिसेल त्याच्यावर आळ घालतो. शेजाऱ्याने नजर लावली, भावाने वाटा मारला, सुनेने घर बुडविले. खरा चोर सख्खा असतो, रोज शेजारी निजतो, आणि झडतीच्या वेळी सर्वांत पुढे असतो. तो विकार होय. जो इतरांच्या ट्रंका उपड्या करण्यात गुंतला, त्याला घरातील पुतण्या कधीच सापडत नाही.

आणि खोलीतील लोकांनी पुढे काय करावयास हवे होते? पुतण्याला क्षमा केली, ते योग्यच झाले. परंतु सत्राजित ज्याच्यावर आळ घातला त्याच्यापाशी जाऊ शकला. या लोकांनी ती वाट धरलीच नाही. त्या मुलाच्या ट्रंकेत आईचे पत्र होते. पत्रावर गावाचे नाव होते, आणि ते सर्वांनी पाहिले होते. झडतीसाठी ज्यांना वेळ मिळाला, त्यांनी त्या गावची गाडी धरावयास हवी होती. जेथे चारचौघांत चोर म्हटले, तेथे चारचौघांत ‘तो चोर नव्हता’ असे म्हणावयास हवे होते. तेवढा माग काढणे त्यांना शक्य होते, आणि तोच त्यांनी काढला नाही.

डिलाईल रोडच्या त्या चाळींच्या जागी आता उंच इमारतींची योजना आहे; एकशे साठ फुटांच्या खोलीऐवजी पाचशे फुटांची घरे मिळावयाची आहेत. दारे बंद होतील, कुलुपे मजबूत होतील. चोरापासून रक्षण होण्यास त्याचा उपयोग आहे. जिभेला मात्र त्या कुलुपाचा उपयोग नाही. ज्या साधकाने आजवर कोणावर न पाहता आळ घातला असेल, त्याने तो मनुष्य जिवंत आहे तोवर त्याच्या दाराशी जावे. मणी परत करण्यास श्रीकृष्ण महाराजांनी विलंब केला नाही. दुसऱ्याचे नाव ज्याच्यापाशी अडकून पडले आहे, त्यानेही करू नये.

दंडवत प्रणाम.